उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावे की नाही?

ऊन तापले की परभणी-नांदेडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मजकूर फिरू लागतो: उन्हातून आल्याबरोबर गार पाणी पिऊ नका, हातपाय धुऊ नका, रक्तवाहिन्या फुटतात, खिशात कांदा ठेवा, घाम येतोय तोवर उष्माघाताची भीती नाही.

रक्तवाहिन्या फुटत नाहीत. 5 अंशांचे अर्धा लिटर पाणी 37 अंशांवर यायला शरीरातली 16 किलोकॅलरी उष्णता घेते. 60 किलोच्या माणसाचे तापमान त्याने फार तर 0.3 अंशाने उतरेल. मग पाणी पिताना माणूस कोसळतो, तो का? उन्हात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, घामाने रक्तातले पाणीही घटलेले असते. चालणारा एकदम थांबला की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलेनासे होतात, ते पायांत साचते, रक्तदाब पडतो, भोवळ येते. त्या वेळी हातात तांब्या असतो, म्हणून दोष पाण्यावर. उभ्याने ढोसू नका. सावलीत बसून घोट घोट प्या.

हातपाय न धुण्याचा सल्ला तर उलटाच आहे. हवा 44 अंश आणि कातडी साधारण 35, तेव्हा हवा अंगातली उष्णता नेत नाही, वर आणखी देते. उरतो फक्त घाम. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी नेतो. टपकून गेला तर जवळपास काहीच नाही. माठातले पाणी याच हिशेबाने गार होते. आपल्याकडची मे महिन्यातली हवा बहुधा कोरडी, त्यामुळे ओले हातपाय आणि डोक्या-मानेवर ओली दस्ती यांचा गुण लगेच येतो. वळवानंतरच्या दमट हवेत तेवढा येत नाही.

कांदा खिशात राहून काही करत नाही. भाकरीबरोबर खा.

घामाचा दावा मात्र जिवावर बेतणारा आहे. उन्हात कष्टाचे काम करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकते. घाम नको, भान बघा: बरळणे, झोकांड्या, झटके, बेशुद्धी. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे काढा, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. मान, काखा, जांघांत बर्फ ठेवा. भान नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलही देऊ नका. तापात मेंदूच तापमानाची पातळी वर सरकवतो आणि गोळी ती खाली आणते. उष्माघातात पातळी जागेवरच असते, साचलेली उष्णता बाहेर काढणे शरीराला झेपत नसते.