खारदुंग ला आणि मुक्कामी गाडी

यंदा कोजागिरीला कराओके नको, एवढ्या एका मुद्द्यावर कट्ट्याचं एकमत झालं. गेली चार वर्षं मंडळाच्या हॉलमध्ये मसाला दुधाबरोबर तीच सात गाणी सगळ्यांनी सहन केली. त्यातली दोन मीच म्हणतो, तरी मीही हात वर केला. मग करायचं काय? मास्तर म्हणाले, "प्रवासाच्या गोष्टी ठेवू. बाहेरचा वक्ता नको, आपल्यातलीच माणसं. पाच जण, दहा-दहा मिनिटं."

इथवर सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. पाच जण कोण, यावरून मात्र ठाण्यात तलावपाळीच्या कठड्यावर चांगले सव्वादोन तास वाजलं. समोर गडकरी रंगायतनमधला नाटकाचा प्रयोग सुटला, माणसं रिक्षा शोधून घरी गेली, तरी आमचं चालूच.

पहिलं नाव बुलेटनं स्वतःच सुचवलं. नाव त्याचं वेगळं आहे, पण लडाखहून आल्यापासून त्याला कुणी त्या नावानं हाक मारत नाही. "माझ्याकडे एकशे ऐंशी फोटो आहेत, ड्रोनचे शॉट आहेत. प्रोजेक्टर तेवढा लावा." मोबाइल काढून त्यानं तो फोटो दाखवलाच: खारदुंग ला खिंडीची पिवळी पाटी, वर १८,३८० फूट, खाली बुलेटवर हेल्मेट घातलेला वीर. आम्ही हा फोटो इतक्यांदा पाहिलाय की पाटीवरची खरवड कुठे आहे तेही सांगू शकतो.

"पाटी खोटी आहे," दीप्या म्हणाला. दीप्या ट्रेकर आहे, त्यामुळे त्याला उंचीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. "जीपीएसनं मोजली तर खिंड ५,३५९ मीटर भरते. म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. आठशे फूट पाटीवाल्यानं पदरचे घातलेत. आणि २०२१ मध्ये उमलिंग लाचा रस्ता झाला, तो १९,०२४ फुटांवर. तुझा विक्रम कधीच गेला."

"मी विक्रम म्हटलंय का? मी अनुभव म्हणतोय!"

"अनुभव फोटोत कुठंय? फोटोत पाटी आहे."

मास्तरांनी इथे घसा खाकरला. मास्तर इतिहास शिकवायचे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी तास संपल्याची घंटा त्यांना अजून ऐकू आलेली नाही. ते म्हणाले, "देशातली पहिली प्रवासी गाडी कुठे आली? आपल्याकडे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. गाडीत चारशेच्या घरात पाहुणे होते. इंजिनांची नावं विचारा, ठाण्याचं शेंबडं पोरही सांगेल: साहिब, सिंध, सुलतान. आता त्या चारशेतल्या एकाला तरी खिडकीतून काय दिसलं, भीती वाटली का, शेजारी कोण बसलं होतं, यातलं एक वाक्य म्हणून दाखवा." कुणालाच येईना. "म्हणून म्हणतो, इंजिनाचं कौतुक पुरे. माणसं बोलवा."

बुलेट फुरंगटून बसला. वादात मी त्याच्या विरुद्ध बाजूचा, पण त्याचं एक खरं होतं. तो गेला तरी होता. आमच्यातले निम्मे लोक मे महिन्यात गावाला आणि दिवाळीत सासुरवाडीला जातात आणि त्याला फिरणं म्हणतात.

दुसरं नाव दीप्याचं निघालं, तर तोच नाही म्हणाला. "मी गोष्ट सांगीन, जागा सांगणार नाही." मुरबाडच्या पलीकडे त्याला एक धबधबा सापडलाय. सापडलाय म्हणजे गावातल्या गुराख्यानं दाखवलाय, पण ते असो. "साताऱ्याजवळच्या कास पठारासारखं होतं मग. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कास आलं. मग फोटो फिरले आणि इतकी माणसं लोटली की दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालून ऑनलाइन बुकिंग करायची पाळी आली. फुलं बघायला रांग! माझ्या धबधब्यावर उद्या वेफर्सची पाकिटं दिसली तर जबाबदार कोण? आणि पावसाळ्यात कुणी वाहून गेलं तर? दरवर्षी कलेक्टरना धबधब्यांवर बंदी घालावी लागते ती काय हौस म्हणून?"

"धबधब्याखाली गाव आहे ना?" इतका वेळ गप्प बसलेले कंडक्टरकाका म्हणाले. "मग त्या गावानं चहा कुणाला विकायचा? जागा तू शोधलीस म्हणतोस, लपवायचीही तूच. त्यांना विचारलंस?"

दीप्याकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. येऊरच्या रस्त्यावर शनिवारी रात्री काय चालतं ते पाहिलं की मला दीप्याचं पटतं. त्याच गावातल्या बाईच्या हातची भाकरी खाल्ली की काकांचं. हा मुद्दा तसाच लोंबकळत ठेवून आम्ही पुढे सरकलो, कारण मास्तरांनी तिसरं नाव घेतलं आणि ते कंडक्टरकाकांचंच होतं.

"हे काय प्रवासी आहेत?" बुलेटला संधीच मिळाली. "काका, राग मानू नका, पण तुमची ती ड्युटी होती. पगार मिळत होता. रोज तोच रस्ता."

काका हसले. एसटीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला राग येत नाही, आला तर तो सुट्ट्या पैशांवरून येतो. "खरंय बाबा. मी कुठं गेलोच नाही. गाडी जायची, मी आत असायचो." मग त्यांनी मुक्कामी गाडीचं सांगितलं. नव्या पोरांना हा प्रकारच माहीत नाही. संध्याकाळची शेवटची गाडी डोंगरातल्या गावी जायची, रात्री तिथेच उभी राहायची आणि पहाटे तिथूनच सुटायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा गाडीच्या टपावर पथारी टाकत. गावातलं कुणी ना कुणी भाकरी-कालवण आणून द्यायचं. बाहेर कुठल्या हॉटेलात बसलेत की नाही आठवत नाही, पण कुठल्या गावचा ठेचा डोळ्यांतून पाणी काढतो ते पाठ आहे.

"आणि माळशेजची रात्र सांगा ना," मी म्हटलं. मी ती आधी ऐकलीय, तरी मागून घेतली.

१९९१ चा जुलै. घाटात पुढे दरड आलेली, मागे झाड पडलेलं. गाडीत अडतीस माणसं. धुकं इतकं की काका बॅटरी घेऊन पुढे चालत होते आणि ड्रायव्हर त्या उजेडामागून गाडी रांगवत होता. शेवटी एका रुंद वळणावर, डोंगराच्या कडेपासून जरा लांब, गाडी लावली. रात्री नऊ वाजता पोरं रडायला लागली. तेव्हा मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्यानं मांडीवरचा पत्र्याचा डबा पुढे केला. लेकीच्या साखरपुड्याचे लाडू होते, दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे पोचवायचे होते. काकांनी वेबिलाच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाच्या मागे लिहून काढलं: माणसं अडतीस, लाडू शहाऐंशी. प्रत्येकी दोन, वर उरलेले दहा लहान पोरांना.

"सकाळी दरड हलली. उतरताना मी दारात उभा राहिलो आणि प्रत्येकाकडून दोन-दोन रुपये घेतले. तिकीट नाही फाडलं, एवढंच. म्हातारा घेईना. म्हणाला, पाहुण्यांना सांगीन वाटेत लाडवांना उशीर झाला. मग सगळ्यांनी पैसे त्याच्या धोतराच्या सोग्यात बांधले आणि डबल बेल दिली."

"लग्न झालं का मुलीचं?" दीप्यानं विचारलं.

"ते कसं कळणार? मी पुढच्या ट्रिपला होतो." काका थांबले. "आता तुम्ही म्हणाल, ड्युटी होती. ड्युटी तर होतीच."

बुलेट काही बोलला नाही. मास्तरांना मात्र माळशेज म्हटल्यावर शेजारचा नाणेघाट दिसला. कोकणातल्या बंदरांवरचा माल सातवाहनांच्या काळात त्याच वाटेनं वर जुन्नरला जायचा, आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकायचे असं म्हणतात. त्यावर काका म्हणाले, "म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची आमचीच बॅग ती. फक्त पाठीला लावायला पट्टा नाही."

एवढ्यात मावशी आल्या. मावशी आमच्या इमारतीत चार घरी पोळ्या करतात. शेवटचं घर बुलेटचं. ते आटोपलं की कोपरीला जाताना इथे चहा घेतात. मास्तर म्हणाले, "चौथं नाव हे." बुलेटनं कपाळावर हात मारला. "मास्तर, मावशी साडेतीन पीठं करून आल्यात. देवदर्शन म्हणजे प्रवास नाही हो."

आता खरी ठिणगी पडली. मास्तर उभेच राहिले. "पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कशासाठी निघाले होते? ट्रेकला? घरात कर्ज होतं, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून काकाला बरोबर घेऊन १८५७ साली चालत उत्तरेकडे निघाले. आणि थेट बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा हा भिक्षुक शहराच्या आत होता! लुटला गेला, उपाशी राहिला, आणि परतताना काय आणलं? खांद्यावर गंगेची कावड, आईवडिलांना स्नान घालायला. त्यांनी ते लिहून ठेवलं म्हणून झाशीच्या गल्ल्यांत त्या दिवसांत काय झालं ते एका साध्या मराठी माणसाच्या डोळ्यांनी दिसतं. देवदर्शन म्हणे!"

"मास्तर, बसा. बीपी आहे तुम्हाला," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "कसलं भांडण चाललंय?"

सांगितलं. त्यांना स्टेजवर बोलायचं म्हटल्यावर पदर तोंडाला गेला, पण चहा येईपर्यंत गोष्ट सुरू झालीच होती. बावीस वर्षं ठाण्यात. गाडीत बसायचं ते कुणाच्या लग्नाला नाहीतर मयताला, गावी जतला. मग १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. "चौघीजणींनी ठरवलं, काम नसताना कुठंतरी जायचं. काम नसताना! मालकिणींना काय सांगावं तेच कळंना. देवाला जाते म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. म्हणून देव."

हे बुलेटलाही नवीन होतं.

कोल्हापूर, तुळजापूर, वणी सुरळीत झालं. माहूरहून परतताना पुसदच्या स्टँडवर गाडी चुकली. चूक त्यांचीच, बांगड्यांच्या दुकानात रमल्या. रात्र झाली. स्टँड झाडणाऱ्या बाईनं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा झाडू ठेवून म्हणाली, चला घरी. एका खोलीत तिची दोन पोरं, सासू आणि या चौघी. सकाळी तिनं यांना पाटावर बसवलं आणि गरम पोळ्या वाढायला लागली.

"आयत्या ताटावर मी कधी बसले तेच आठवंना," मावशी म्हणाल्या. "लग्नात हळदीला बसवलं होतं, तेवढंच."

"मग? जेवलात पोटभर?"

"कुठलं! दुसऱ्या पोळीला उठलेच मी. तिची पोळी काठाला जाड राहत होती."

आम्ही हसलो, मावशीही हसल्या. मग मोबाइलकडे मान गेली. बुलेटनं अजून तो फोटो उघडाच ठेवला होता. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे कोण रे?"

"मी. अजून कोण?"

"बुटं तुझी नाहीत. तू गेलास ते तपकिरी बूट घालून. आल्यावर आठवडाभर गॅलरीत वाळत होते, मीच उचलून ठेवायची. ह्यानं काळे घातलेत."

कट्ट्यावर अशी शांतता मी कौपिनेश्वराच्या गाभाऱ्यातही अनुभवलेली नाही.

बुलेटनं आधी दोन-तीन बूट असतात वगैरे सांगून पाहिलं. मग सोडून दिलं. विमानानं लेहला उतरला, एक दिवस जेमतेम आराम केला आणि दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीवरून वर निघाला. लेहच साडेअकरा हजार फुटांवर, शरीराला दोन-तीन दिवस तरी द्यायला हवेत. साउथ पुल्लूच्या चेकपोस्टला पोचेपर्यंत डोकं फुटायला आलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. खिंडीत हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास असतो. तिथवर जाणं शहाणपणाचं नव्हतंच. मित्र वर गेला. पाटीखालचा तो मित्र.

"आणि तू?"

"टपरीत बसलो. तीन तास." तिथली म्हातारी मोजे विणत होती. तिनं चहा दिला नाही, गरम पाणीच पाजत राहिली. कुठला म्हणाली, तर हा म्हणाला ठाणे. ती म्हणाली, मुंबई? हा म्हणाला, नाही, ठाणे. त्यातला फरक तोडक्या हिंदीत समजावण्यात अर्धा तास गेला. (इथे मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.) मग तिनं स्वतःचं सांगितलं. ती एका हिवाळ्यात बोधगयेला जाऊन आली होती. आयुष्यात पहिल्यांदा रेल्वे. दोन रात्री झोपलीच नाही, कारण खाली अंथरूण हलत होतं आणि तिला वाटायचं, घर कुठंतरी चाललंय. तिकडच्या जानेवारीतल्या उन्हात तिला घाम आला आणि बरोबरच्या बायका स्वेटर घालून बसलेल्या बिहाऱ्यांकडे बघून हसत सुटल्या. मित्र परतला तेव्हा डोकं उतरलं होतं. निघताना तिनं मोजे दिले आणि पैसे मात्र मोजून घेतले.

"गाढवा," दीप्या म्हणाला, "एवढं सोडून सहा महिने ती पाटी दाखवतोयस आम्हाला?"

"ह्यात दाखवण्यासारखं काय आहे? मी पोचलोच नाही ना!"

यावर पुन्हा अर्धा तास गेला असता, पण मास्तरांनी भेळेच्या कागदावर नावं लिहायला घेतली. काका, मावशी, बुलेट. दीप्या जागा न सांगता बोलणार, पण खालच्या गावातल्या त्या गुराख्याचं नाव घेणार, या अटीवर. पाचवं नाव रिकामं ठेवलं. तिथे माझं लिहा असं मी दोनदा म्हटलं, ते कुणी ऐकलं नाही. प्रोजेक्टर रद्द. बुलेटनं शेवटचं विचारलं, मोजे तरी दाखवू का? मोजे चालतील, असं ठरलं.

राहिला प्रश्न वेळेचा. दहा मिनिटांवर माणूस थांबवायचा कसा? आमच्याकडे माइक हातात आला की सोडत नाहीत, हा कराओकेचा अनुभव.

"मी बसतो ना शेजारी," काका म्हणाले. "दहा मिनिटं झाली की डबल बेल."

"डबल बेल म्हणजे चला, काका. थांबायला सिंगल."

"बरं, सिंगल."

"आणि सिंगल मारूनही मावशी थांबल्या नाहीत तर?"

काकांनी ग्लास खाली ठेवला. "तर बसू द्या. मुक्कामी गाडी समजायची."