हुडावर चौघे उभे राहिले म्हणून तंबू बसत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या पिकअपवाल्यांमध्ये सध्या एक दावा जोरात फिरतोय: गाडीच्या मागच्या हौद्यावर झाकण म्हणून बसवलेल्या फायबरच्या हुडावर चौघे उभे राहिले तरी तो तडकत नाही, तेव्हा साठ किलोचा छतावरचा, वर चढून झोपायचा तंबू थेट त्यावर आवळा आणि तोरणमाळ गाठा.

चौघांचं वजन अडीचशे किलोच्या पुढे जातं, हे खरं. पण तेव्हा गाडी उभी असते. धावत्या गाडीवर हुड किती पेलतो हा आकडा वेगळा आणि बराच कमी असतो; कच्च्या रस्त्यावर त्याहून कमी. चाक खड्ड्यात आदळून उसळलं की तोच तंबू क्षणभर दुप्पट-तिप्पट जड होतो, ब्रेकला पुढे ओढतो, घाटाच्या वळणावर बाजूला. फायबर सहसा एका दणक्यात फुटत नाही. बोल्टाच्या भोकापाशी बारीक चीर पडते, ती वाढत जाते आणि पावसाळ्यात आत पाणी ठिबकलं की मालकाला कळतं.

त्यावर सल्ला मिळतो, “बोल्टाखाली मोठे वायसर टाका, सिलिकॉन भरा.” सिलिकॉन पाणी अडवतं, वजन नाही. वायसरने भार थोडा पसरतो, तरी राहतो त्या पातळ कवचावरच. आपल्याकडच्या धाब्याच्या घरात छतावरच्या मातीचं ओझं लाकडी खांबांवर उतरतं, इथेही तेच करायला हवं. हुडाच्या आत चौकोनी पाइपची चौकट, तिचे पाय हौद्याच्या कडांवर पक्के, आणि तंबूखालचे आडवे दांडे हुडातून आरपार त्या चौकटीला बोल्ट केलेले. चांगला वेल्डर हे करून देतो. पहिल्या खडबडीत प्रवासानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

“वर झोपलं की जंगलात कुठेही मुक्काम करा” हे तर धोकादायक आहे. बिबट्या झाडावर चढतो, त्याला गाडीची उंची काय! शिवाय यावल अभयारण्यात 1972च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय शिरताच येत नाही, मुक्काम दूरच.

राहिला मुद्दा “केळी टनभर नेतो, साठ किलोने काय होतंय?” केळी हौद्यात, खाली असतात. तंबू जमिनीपासून दोन मीटरवर असतो, आणि आडव्या उतारावर गाडी कलली की तेच वजन तिला कलत्या बाजूला आणखी ओढतं. सातपुड्यातल्या कच्च्या वाटांवर हे मला सगळ्यात जास्त खटकतं. म्हणून सामानासाठी हुड लागतच नसेल तर तो काढा, हौद्यावर केबिनच्या छतापेक्षा खाली राहील असा लोखंडी रॅक बसवा आणि तंबू त्यावर घ्या.