भाडे न वाढवण्याचा ठराव

गोव्यात बसचे भाडे वाढणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी आमच्या डिचोली तालुक्यात ज्यांनी कित्येक वर्षांत बसची पायरी चढलेली नाही, तीच माणसे सर्वांत आधी संतापतात. यंदाच्या ग्रामसभेत अशाच संतापातून ठराव आला की पंचायतीने आपल्या निधीतून गावच्या बसला मदत करावी आणि भाडे आहे तेवढेच राहू द्यावे. सूचक मोटारीतून आले होते, अनुमोदक बुलेटवरून. बसने येणारा मी एकटाच असल्यामुळे मला बोलण्याची संधी सर्वांत शेवटी मिळाली.

तोवर सचिवांनी नम्रपणे सांगून टाकले होते की भाडे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याने राज्य सरकारकडे आहे. घरपट्टी आणि परवान्यांच्या शुल्कातून जे जमते त्यात गटारे उपसावीत की बसमध्ये डिझेल भरावे, असे त्यांनी ज्या सुरात विचारले, त्यावरून गटारेही राहणार हे सर्वांना कळून चुकले.

भाडे स्वस्त आहे, हे मला मान्य आहे. परंतु ते कशामुळे स्वस्त राहते याचा अभ्यास थांब्यावर जितका होतो तितका सभागृहात होत नाही. डिझेल, विमा आणि टायर यांचा खर्च वाढत जातो, भाडे मात्र सरकारी अधिसूचना निघेपर्यंत हलत नाही. तेव्हा खाजगी बसमालक आपल्या हाती असलेल्या दोनच गोष्टी करतो, एका खेपेतील माणसे वाढवतो आणि खेपा कमी करतो. म्हापशाहून सुटलेली बस शुक्रवारच्या बाजारादिवशी थिवीपर्यंतच तुडुंब होते, तरीही अस्नोड्याला कंडक्टर मागे सरका म्हणून ओरडतोच, ‘‘फाटीं वचात, फाटीं जागो आसा!’’ तो म्हणतो त्या जागेवर मिरच्यांचे पोते, नवी कोरी कळशी आणि त्या दोहोंवर हात टेकून उभ्या असलेल्या एक आजी असतात, आणि माझ्याकडे त्या अशा नजरेने पाहतात की मागे सरकण्यापेक्षा खिडकीतून बाहेर पडणे सभ्यपणाचे वाटावे. वीसची नोट दिली की ‘‘देंवतना दितां’’, म्हणजे उतरताना देतो, असे आश्वासन मिळते; उतरताना मी मागच्या दाराशी असतो आणि कंडक्टर पुढच्या. तिकिटाचा कागद मागितला, तर आपण त्याच्या घराण्याच्या प्रामाणिकपणावर संशय घेतला असा त्याचा चेहरा होतो.

हे सारे सोसता येते, कारण निदान बस आलेली असते. दिवेलागणीनंतर मात्र रिकामी खेप परवडत नाही म्हणून ती येतच नाही, आणि सकाळी स्वस्तात गेलेला माणूस त्याच्या कितीतरी पट पैसे पायलटच्या हातावर ठेवून त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी परततो. सूचकांना ही रक्कम भाडे वाटत नाही; त्यांच्या मते ती हौस आहे.

माझी सूचना एवढीच होती की पैसे द्यायचेच असतील तर ते भाड्यासाठी न देता संध्याकाळच्या शेवटच्या खेपेसाठी द्यावेत, बस भरो वा न भरो. बसमालकांना इंधनासाठी अनुदान देऊन भाडे रोखण्याचा प्रयोग राज्य सरकारने केलेलाच आहे, आणि ते अनुदान थकल्याची बसमालकांची गाऱ्हाणी आपण वर्तमानपत्रांत वाचलेली आहेत. उलट सरकारी बस चालवणाऱ्या कदंब महामंडळाच्या ‘म्हजी बस’ योजनेत खाजगी बसला धावलेल्या किलोमीटरमागे मोबदला ठरवलेला आहे, म्हणजे निदान विचार तरी योग्य दिशेचा आहे. चोडण बेटाची फेरीबोट चालत येणाऱ्याकडून पैसाही घेत नाही, आणि दोनच माणसे चढली म्हणून ती नदीच्या मध्यातून परतल्याचे कोणी ऐकलेले नाही. जे पाण्यावर जमते ते डांबरावर का जमू नये, असे मी विचारले. सरपंचांनी ‘‘मुद्दो बरो आसा’’ म्हटले, तेव्हाच माझा मुद्दा बुडाला हे मी ओळखले.

अखेर मूळ ठराव वाहतूक खात्याकडे पाठवण्याचे ठरले आणि पाठपुराव्यासाठी एक समिती नेमण्यात आली, जिच्यावर थांब्याचा दीर्घ अनुभव या पात्रतेवर माझी निवड झाली. पहिली बैठक तालुक्याच्या गावी संध्याकाळी साडेसातला ठेवली आहे. बाकीचे सर्व सभासद स्वतःच्या वाहनाने येणार असल्याने ती वेळ कोणालाच गैरसोयीची वाटली नाही. मी बैठक सकाळी घेण्याचा अर्ज दिला आहे, आणि सचिवांच्या म्हणण्याप्रमाणे तो पुढच्या ग्रामसभेत विचारार्थ येईल.