एका प्रोजेक्टनं कुणाचं भलं झालंय?

संशोधनात टिकून राहायचं असेल, तर हातात एकच काम कधी ठेवू नका. एकच असलं की ते करावं लागतं. तीन असली की पहिल्याची सबब दुसऱ्याला चालते आणि दुसऱ्याची तिसऱ्याला. पीएचडी का रखडली? "मायनर प्रोजेक्टमध्ये अडकलोय, सर." त्या प्रोजेक्टच्या पैशांच्या हिशेबाचं, म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट कुठंय? "थीसिसचं शेवटचं प्रकरण चाललंय." आमच्याकडे शेवटचं प्रकरण साधारण दुसऱ्यानंतर लगेच सुरू होतं.

घाई कसली? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी पीएचडीला ६ वर्षं दिलीत, वर फेरनोंदणी करून आणखी २.

राहता राहिली एकाग्रता. सकाळी पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात खिडकीजवळची जागा धरा, टेबलावर सॅक ठेवा आणि चहाला जा. सॅक वाचत बसते. चहावर नवा विषय सुचला, तर त्याच दिवशी प्रस्ताव लिहायला घ्या. संशोधकाच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ म्हणजे प्रस्ताव पाठवल्यापासून तो मंजूर होईपर्यंतचा. मंजुरीचं पत्र आलं की संपलं सगळं.

आणि कृपा करून लॉ कॉलेज रोडच्या भांडारकर संस्थेचा कित्ता गिरवू नका. त्यांनी १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, ती पुरी झाली १९६६ ला. सुकथनकर १९२५ ला मुख्य संपादक झाले आणि १९४३ ला जाईपर्यंत तेच धरून बसले. ठिकठिकाणच्या पोथ्या जमवायच्या, एकेक श्लोक पाठभेदांसकट ताडायचा! आजच्या कमिटीपुढे उभे केले असते, तर पहिला प्रश्न आला असता, "ते ठीक आहे, पण गेल्या तीन वर्षांत काय केलंत?"

एक चूक मात्र मी केली, ती तुम्ही करू नका. फील्डवर्क घराजवळ घेऊ नका. मी मंडईतल्या भाजीवाल्यांच्या १८० प्रश्नावल्या भरून आणल्या होत्या. गेली चार वर्षं त्या कपाटावर कापडी पिशवीत आहेत. वरच्याच कागदाला कोथिंबिरीचं एक पान वाळून चिकटलंय. त्यावर 'रोजची कमाई' ही जागा कोरी आहे, कारण मावशी म्हणाल्या होत्या, "तुमीच लिवा काय ते, तुमी शिकलेले."

परवा मेथी घ्यायला गेलो, तर त्याच मावशी.

"सर, आमचं छापून आलं का वो?"

"मावशी, सध्या दुसरा प्रोजेक्ट चालू आहे ना."

त्यांनी जुडी उलटी धरून माती झटकली. "बरंय की. मी पन आता मेथीसंगं लिंबं ठिवते. पर सांजच्याला दोनी संपवूनच उठते."

हल्ली मी मेथी ॲपवरून मागवतो. निवडलेली येते.