फ्रिजचा पंचम

एखाद्या टू-बीएचकेमध्ये स्वतःची गाणी स्वतःच काढणारा नवरा आणि माहितीपट करणारी बायको असं बिऱ्हाड असेल, तर त्या घराचा खरा कर्ता फ्रिज असतो. नवऱ्याला गायचंय, फ्रिज बंद. मला निवेदन वाचायचंय, फ्रिज बंद. दोन कलाकारांच्या घरातलं दही बाराही महिने आंबट का असतं, याचं उत्तर इथे आहे.

त्या घरघरीमागे गणित आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारे कॉम्प्रेसर, ट्रान्सफॉर्मर, जुने चोक हे प्रामुख्याने तिच्या दुपटीवर, म्हणजे १०० हर्ट्झवर गुणगुणतात. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्या पुरुषाचा सा साधारण १३८.६ हर्ट्झवर, त्याखालचा मंद्र पंचम १०४ वर. फ्रिज १०० वर. पंचम लावायला निघालेला आणि वाटेत तीव्र मध्यमाकडे घसरलेला एक साथीदार स्वयंपाकघरात अखंड सूर धरून बसलाय, आणि आपण इकडे तानपुऱ्याच्या जवारीला शिव्या घालतोय. इक्वलायझरने १०० कापावं, तर पुरुषी आवाजाचं वजनही तिथेच. ते गेलं की गायक थेट टेलिफोनवरून गातो. इन्व्हर्टरचा फ्रिज तर याहून लबाड. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो, म्हणजे तो एका सुरावर थांबत नाही, मींड घेतो. मींड घेणारी घरघर कुठल्याही साध्या फिल्टरच्या हाती लागत नाही.

तेव्हा प्लगच काढायचा, आणि काढल्याबरोबर स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. ध्वनिमुद्रकांची ही जुनी युक्ती. किल्लीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा चालू करायचा राहत नाही. दार बंद असेल तर आतला माल चारेक तास टिकतो. दार बंद राहत नाही, कारण नेमक्या त्याच वेळी कुणालातरी स्कूटरवरून कोथिंबीर आणायला जायचं असतं.

पुढचा शत्रू खोली. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवल्याने अंडीविक्रेत्याखेरीज कुणाचंच भलं होत नाही. बाहेरचा आवाज त्याने अडत नाही आणि आतला घुमारा नावापुरताच कमी होतो. बाहेरचं थांबवायचं तर आधी खिडकीची फट बघावी. जाड काचेवर पैसे घालवून सरकत्या पल्ल्याखाली चार मिलिमीटर फट ठेवणारे लोक मला कळत नाहीत. रबरी पट्टी स्वस्त असते, ती आधी लावा. आतल्या घुमाऱ्यासाठी ५० मिलिमीटर जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, लाकडी चौकटीत बसवून, वर कापड ताणून, भिंतीपासून पाच सेंटिमीटर सोडून टांगायचं. तेवढं बजेट नसेल तर कपडे वाळवायच्या स्टँडवर दोन गोधड्या. आता गोधडी कुठे उभी करायची? जो तो ती माइकच्या मागे लावतो. कार्डिऑइड माइकला ऐकू येतं समोरचं, म्हणून गोधडी हवी गाणाऱ्याच्या पाठीमागे. कपाट उघडून साड्यांसमोरही गाता येतं, पण इथे पैठणीपेक्षा नऊवारी सुती लुगडं सरस. रेशमाची एक पातळ घडी काय शोषणार? आणि गोधडी कितीही मायाळू असली तरी तिला फक्त वरचे आवाज आवरतात. १०० हर्ट्झची लाट ३.४ मीटर लांब असते. तिला नीट आवरायचं तर पाव लांबीची, म्हणजे ८५ सेंटिमीटर जाडीची व्यवस्था लागेल. एवढं करून गायक कुठे उभा राहणार?

वेळेचंही तसंच. सकाळी घंटागाडी, मग कुकर, मग वरच्या मजल्यावर फरशी फोडणं. पुण्याच्या एक ते चारच्या झोपेवर लोक हसतात, पण रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी त्या झोपेची पूजा बांधावी. रात्री बारानंतर कुत्री, आणि एप्रिल-मे असेल तर उजाडायच्याही आधी कोकीळ. पंखा अर्थातच बंद, म्हणून मे महिन्यातल्या गाण्यांमध्ये लय जरा चढी असते. गायकाला लवकर संपवायचं असतं.

कोकिळेवरून घरात फूट पडते. नवऱ्याच्या लेखी ती कचरा, माझ्या लेखी ऋतूचा फुकट पुरावा. पण तिचा खरा त्रास मलाच. मुलाखतीतलं एक वाक्य मधून कापलं की माणसाचं बोलणं बेमालूम जुळतं आणि मागची कोकीळ अर्ध्या तानेवरून उडी मारते. प्रेक्षकाला काप दिसत नाही, ऐकू येतो. त्यावर उपाय एकच. प्रत्येक जागी मुलाखत संपल्यावर, कुणीही न हलता, त्या खोलीची नुसती शांतता पूर्ण मिनिटभर रेकॉर्ड करायची. ती कापांच्या खाली अंथरली की जोड झाकले जातात. मिनिटभर गप्प बसणं हे मराठी माणसाला जमण्यासारखं काम नाही. पंचविसाव्या सेकंदाला आजी विचारतात, "झालं का गं? चहा टाकू?" मग पुन्हा पहिल्यापासून.

इथवर दोघांचं भांडण जगाशी असतं. आपसातलं सुरू होतं ४४.१ आणि ४८ वरून. संगीतवाल्यांची सवय सीडीच्या काळापासूनची, सेकंदाला ४४,१०० नमुने. चित्रपटवाल्यांचं प्रमाण ४८,०००. बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून रूपांतर करतात, म्हणून कुणी विचारत नाही. पण एखाद्या रेकॉर्डरने फाइलवर चुकीचा आकडा लिहिला की ४८ ची फाइल ४४.१ च्या चालीने वाजते. तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटं सोळा सेकंदांचं होतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने खाली येतो. काळी एकचा गायक पांढरी एकच्याही खाली उतरतो, भरपूर आजारी वाटतो, आणि दिग्दर्शिका म्हणते, "हेच! हाच दर्द हवा होता मला." असं लग्न टिकवायचं तर पहिल्याच दिवशी दाराच्या आतल्या बाजूला कागद लावावा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, २५ फ्रेम.

पण खरी सवत म्हणजे टेम्प म्युझिक. संकलन करताना रिकामं रिकामं वाटतं म्हणून टाइमलाइनवर कुणाचंतरी तयार संगीत तात्पुरतं टाकतात. तीन महिने तेच ऐकून कानाची अशी खात्री पटते की दृश्याचं संगीत हेच. मग घरच्या संगीतकाराला सांगायचं, "अगदी असंच, पण वेगळं." त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. म्हणून संगीत आधी मागून घ्यावं. संकलनाला बसण्यापूर्वीच चार-पाच कच्चे तुकडे, मिनिटाला ६०, ७२ आणि ९० ठोक्यांच्या लयीत, आणि प्रत्येकाचे थर सुटे: आस, म्हणजे मागचा अखंड सूर, वेगळी, ताल वेगळा, बासरी-सारंगी वेगळी. माणूस बोलू लागला की वरची सुरावट काढायची आणि आस ठेवायची, कारण सारंगी आणि बोलणं एकाच पट्ट्यात राहतात आणि त्या झटापटीत सारंगी जिंकते. शेवटी दोन-तीन सेकंदांची शेपूट सोडलेली हवी. संगीतकार शेपूट देत नाहीत, त्यांना वाटतं गाणं संपलं.

दुसऱ्याचं संगीत न मागता आत शिरतं ते टपरीवरून. चहावाला आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो तेव्हा मागे रेडिओवर नेमकं गाजलेलं गाणं लागलेलं असतं. ते आवाजातून नीट वेगळं निघत नाही. रीतसर वापरायचं तर दोन परवानग्या: एक शब्द आणि चालीची, दुसरी त्या ध्वनिमुद्रणाची. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, शब्द-चालीवरचा मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. त्यामुळे चित्रीकरणापूर्वी "काका, जरा जुनी गाणी लावता का?" एवढ्याने भागत नाही, "अजून जुनी" म्हणावं लागतं. रेडिओ बंद करा म्हणावं तर काका अवघडून पुढारी असल्यासारखे बोलतात. वरातीतल्या बँडला कॉपीराइट कायद्याने लग्नसमारंभापुरती सूट दिली आहे, त्या वरातीचं चित्रीकरण करणाऱ्याला तशी सरसकट नाही. माझ्या मते हा बँडवाल्यांचा मोठाच विजय आहे.

साठवणीचं थोडक्यात. सेकंदाला १०० मेगाबिटच्या व्हिडिओला तासाला ४५ जीबी लागतात, साठ तासांना २.७ टीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर आठ टीबीच्या वर. तिसरी प्रत दुसऱ्या घरात हवी, म्हणून ती साताऱ्याला सासूबाईंच्या गोदरेजच्या कपाटात, मंगळसूत्राच्या डबीशेजारी. दर दिवाळीला ती लावून, फिरवून, वाचून बघायची. डिस्क वापराने जाते तशी पडून राहूनही जाते. नवऱ्याची सगळी कारकीर्द मात्र एका पेनड्राइव्हवर मावते, आणि हे तो पाहुण्यांना सांगतो.

आता पैसे. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं तरच ते ऐकलं असं धरतात, आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला काहीच मिळत नाही. त्यामुळे आलापाने सुरू होणारी गाणी घरखर्चाला मदत करत नाहीत. माहितीपटांचा हिशेब वर्षांमध्ये असतो. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड'ला १४ वर्षं दिली. नातेवाइकांनी "अजून चालूच आहे का ते तुझं?" विचारलं की हा आकडा सांगावा, ते लगेच नवऱ्याकडे वळतात.

अनुदानातून काम होत असेल तर हिशेबनीस संगीतासाठी तीन कोटेशनं मागतो आणि फॉर्ममध्ये "अर्जदाराशी नातं" असा रकाना असतो. तो खरा भरावा. नवऱ्याचं कोटेशन तिघांत सर्वांत महाग निघतं, कारण दिग्दर्शिकेला आतून ओळखणारा तो एकटाच. निम्मे पैसे आगाऊ, कच्च्या संकलनावर तीस टक्के, उरलेले फाइल देताना. पहिल्या दोन दुरुस्त्या मोफत, तिसरीपासून पैसे, आणि "जरा आनंदी, पण उदास" अशी सूचना आली तर पूर्ण रक्कम रोख.