फीडिंग ट्यूब, पाण्यातले बुडबुडे आणि एक फॉरवर्ड

"बाळाला नळी घालताय? आधी हे वाचा" असा सहा कलमांचा मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या भाचीच्या दोन वर्षांच्या मुलाला पुढच्या आठवड्यात फीडिंग ट्यूब, म्हणजे नाकातून किंवा पोटावरच्या छिद्रातून थेट पोटात दूध-अन्न पोचवणारी नळी, बसणार आहे. तिलाही तो येऊन पोचला, अर्थात "काळजीपोटी".

कलम चार आधी घेते, कारण त्याने जीव जाऊ शकतो. "नाकातली नळी पोटात आहे का हे घरीच बघा. टोक पाण्यात बुडवा, बुडबुडे नाहीत म्हणजे नळी पोटात. नाहीतर सिरिंजने हवा मारा आणि पोटावर कान लावा." दोन्ही चूक. हवा पोटातही असते, तिचेही बुडबुडे येतात. उलट नळीचं तोंड श्वासनलिकेच्या भिंतीला टेकलं असेल, तर नळी फुप्फुसात असूनही एक बुडबुडा येत नाही. हवेचा गुडगुडाट तर नळी अन्ननलिकेत किंवा फुप्फुसात असली तरी पोटावर ऐकू येतो. एवढ्याशा अंगात आवाज नेमका कुठून आला हे कानाला कळत नाही. चुकलेल्या नळ्यांमुळे मृत्यू झाल्यावर ब्रिटनच्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीने २००५ मध्येच हवा मारून ऐकणं, बुडबुडे बघणं आणि लिटमस कागद, तिन्ही बंद करायला सांगितलं. लिटमस नुसतं आम्ल आहे एवढंच सांगतो, किती ते नाही.

मग करायचं काय? प्रत्येक फीड आणि औषधाच्या आधी, शिवाय उलटी, जोराचा खोकला किंवा चिकटपट्टी सुटल्यानंतर, नाकपुडीपाशी नळीवरचा सेंटिमीटरचा आकडा नोंदवलेल्या आकड्याशी ताडून बघा. मग सिरिंजने हळूच थोडा द्रव ओढून पीएच पट्टीवर टाका; ती आम्ल किती हे आकड्यात सांगते, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. ५.५ किंवा त्याहून कमी आला तरच फीड. द्रव आलाच नाही, तर मुलाला डाव्या कुशीवर वळवून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओढा. आकडा जास्त आला, तर नुकतंच दिलेलं दूध किंवा आम्ल कमी करणारं औषध हे कारण असू शकतं. शेवटच्या फीडनंतर तासभर जाऊ द्या आणि पुन्हा तपासा. तरीही जमत नसेल तर नळीत पाणीसुद्धा नको, हॉस्पिटलला फोन करा, एक्स-रे लागेल. फीड चालू असताना खोकला, धाप किंवा ओठ निळसर दिसले तर फीड तिथेच थांबवून तातडीने मदत बोलवा.

"नळी चोंदली तर कोला ओता." कोलातल्या आम्लाने फीडमधली प्रथिनं फाटतात आणि बोळा आणखी घट्ट होतो. कोमट पाणी, मोठी सिरिंज, हलकं आत-बाहेर. लहान सिरिंजचा दाब जास्त असतो, नळी फाटू शकते.

"पोटावरची नळी निघाली तर सकाळपर्यंत थांबा." ते छिद्र काही तासांत आकसतं! नळी बसवून थोडेच आठवडे झाले असतील तर स्वतः आत ढकलू नका, ती जठरात न जाता बाहेर पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. स्वच्छ गॉज लावा, निघालेली नळी सोबत घ्या आणि हॉस्पिटलला निघा. मार्ग जुना, पक्का झालेला असेल आणि तुम्हाला शिकवलेलं असेल, तरच त्याच मापाची दुसरी घालून छिद्र उघडं ठेवा. फीड मात्र जागा तपासल्यावरच.

"उपाशी ठेवा, भुकेने खाईल." गिळताच येत नसेल तर भुकेने काय होणार? रक्तातली साखर उतरेल, अंगातलं पाणी कमी होईल.

"नळी लागली की मूल तोंडाने खाणं विसरतं." यात अर्धं खरं आहे, मान्य. महिनोन् महिने तोंडाला काहीच लागलं नाही तर मुलं चमच्याला तोंड लावू देत नाहीत. पण म्हणून नळी टाळायची नसते, तोंड कामात ठेवायचं असतं. गिळणं सुरक्षित आहे असं गिळणं तपासणाऱ्या थेरपिस्टने सांगितलं असेल तर फीडच्या वेळी चव द्या. नसेल तर चोखणी द्या. जेवायला सगळ्यांबरोबर बसवा. आणि दात रोज घासा, तोंडाने खात नसला तरी.

"मुलाला आधी काही सांगू नका, रडेल." रडेल तो तसाही. न सांगता धरलं तर पुढच्या वेळी नर्स दिसली तरी किंचाळेल. बाहुलीच्या नाकाला नळी चिकटवून दाखवा, त्याला सिरिंजने बाहुलीला पाणी "भरवू" द्या. नळी घालताना आडवं दाबून धरण्याऐवजी मांडीवर बसवून मिठीत धरता येईल का, हे नर्सला आधीच विचारा. आणि "जेवला नाहीस तर नळी घालतील" ही धमकी घरात कुणीही द्यायची नाही, आजीनेसुद्धा.