एकच चाक पाहिजे

ओझरला १९६४ सालापासून विमानांचा कारखाना आहे. तिथे मिग बनली, सुखोई बनली. ते ओझर आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही, आणि त्याच नाशकात मला ढकलायच्या लॉन मोव्हरचं एक चाक मिळत नाहीये. एकच. जोडी पण नको.

मोव्हर वडिलांचा. देवळाली कॅम्पातल्या कुठल्याशा जुन्या बंगल्याचं सामान विकायला निघालं होतं त्यात त्यांनी उचलला, इंग्लिश बनावटीचा, सगळा बिडाचा, उचलताना माणसाच्या तोंडून आई गं निघालंच पाहिजे. त्याचं उजवं चाक डुगडुगायला लागलं. मधलं भोक झिजून मोठं झालं, त्यामुळे चाक कलतं, दाते सुटतात, पाती मधेच बसकण मारतात, आणि लॉन असं दिसायला लागलं की पोराने आरशात बघून स्वतःच स्वतःचे केस कापलेत.

बायको म्हणाली, "अहो, चाकच आहे ना, बसवा कुठलंही." तर तसं नसतं हो. पेट्रोलच्या मशीनला साधारण चाकं नुसती पळायला असतात, पातं इंजिन फिरवतं. इथे इंजिन म्हणजे मी. चाकाच्या आतल्या अंगाला गोल दाते, ते छोट्या गिअरला फिरवतात, गिअर पात्यांचा रूळ फिरवतो, आणि मधे एक बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा असतो, सायकलच्या फ्रीव्हीलमधल्या कुत्र्यासारखा, जो पुढे ढकललं की अडकतो आणि मागे ओढलं की कटकट करत सुटतो. १८३० मध्ये एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने गिरणीतलं कापडाची लव छाटायचं यंत्र बघून गवत कापायचं पहिलं मशीन काढलं. भला माणूस. जाताना दोन चाकं जास्तीची ठेवून गेला असता तर काय बिघडलं असतं.

सुरुवात शेती अवजारांच्या दुकानापासून केली. तिथे द्राक्षबागेच्या ब्लोअरचं बारीकातलं बारीक नोझल मिळतं, पॉवर टिलरचं काय पाहिजे ते मिळतं. माझा फोटो बघून मालक म्हणाले, "काका, हे म्युझियमला द्या." मग भद्रकालीत गेलो. तिथल्या माणसाचा एक गुण मानलाच पाहिजे, नाही हा शब्द त्याच्याकडे नाही. ट्रॉलीचं चाक काढलं, बाबागाडीचं काढलं, शेवटी गॅस सिलिंडरखाली लावतात त्या स्टँडचं काढलं आणि वर मलाच विचारतो, "दाते कशाला पाहिजेत तुम्हाला?" ऑनलाइन बघितलं तर युनिव्हर्सल फिट लिहिलेली प्लास्टिकची चाकं, युनिव्हर्स म्हणजे अमेरिका असावी.

कुणीतरी म्हणालं चाक राहू दे, बेअरिंग ठोका. पटलं. बेअरिंगवाल्याने काउंटरवर ६२०१ ठेवलं, त्याचं भोक १२ एमएमचं. ते चाकाच्या दांड्यावर जाईना. मग ६२०२ ठेवलं, ते १५ चं, ते दांड्यावर भरतनाट्यम करायला लागलं. दांडा अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७. इंग्रज गेला पण ते पॉइंट सात आमच्या नशिबी ठेवून गेला. मी म्हटलं मधलं काही नाही का, तर तो आतून व्हर्नियर घेऊन आला, परत मोजलं, मान हलवली आणि मला चहा पाजला. चहा मात्र फक्कड होता.

भंगारात जुळं भाऊबंद सापडेल म्हणून अंबड लिंक रोड आठवला, पण तिथला भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्येच उठवला. उरल्यासुरल्या एका गोदामात ढीग उपसला, त्यात कुणाच्यातरी शिलाई मशीनचं पायडल सापडलं, तेवढंच. वेल्डरने तर हात लावायलाच नकार दिला, "बीड आहे साहेब, साध्या रॉडने शिवलं की तडकणार, मग माझ्या नावाने ओरडाल." हा प्रामाणिकपणा मला त्या अख्ख्या भटकंतीत सगळ्यात जास्त आवडला.

शेवटी सातपूरला, एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत एक लेथवाले चाचा भेटले. त्यांनी फोटोबिटो काही बघितला नाही. चाक हातात घेतलं, करंगळी भोकात घालून फिरवली आणि म्हणाले, "चाक कशाला शोधताय? चाक चांगलंय. भोक खराब आहे." चाक चकमध्ये आवळलं, भोक सरळ बोअर करून घेतलं, गनमेटलचा तुकडा कापून बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी, बनवला, आतून बरोब्बर अर्धा इंच, आणि प्रेसवर दाबून बसवला. पिवळ्याधमक किसाचा ढीग माझ्या चपलेवर. कुत्राही झिजला होता, तो त्यांनी पोलादाच्या तुकड्यातून कानस मारून काढून दिला. मी ज्याच्यासाठी अर्धं नाशिक पालथं घातलं ते काम त्यांनी बोलता बोलता, मधे एक फोन घेऊन, उरकलं. पैसे विचारले तर आधी "द्या काय द्यायचंय ते" आणि मग बरोबर जेवढे घ्यायचे तेवढेच घेतले.

चाक आता असं फिरतं की बघत राहावं. फक्त या सगळ्या भानगडीत पाऊस लागला होता आणि गवत गुडघ्याला आलं होतं. रूळाचं मशीन उंच गवत कापत नाही, नुसतं आडवं पाडून त्यावरून निघून जातं. मग आधी विळेवाला माणूस बोलवावा लागला. त्याने सगळं गवत कापलं, म्हशीसाठी भारा बांधला, आणि पाणी पिता पिता मोव्हरकडे बघून म्हणाला, "असंच मशीन आमच्या जुन्या मालकांकडं होतं. मागच्या महिन्यात मीच भंगारात घालून आलो."

मी विचारलं, "त्याची चाकं कशी होती रे?"

"चाकं एकदम टकाटक होती साहेब. मशीनच बाद होतं."